यजमानांची पुढची सीट

मागं बसलेला माणूस म्हणजे सामान, हे आमच्या यजमानांचं मत मी नोकरीच्या पहिल्याच प्रवासात ऐकलं. ऐकताना मी मागं बसलेलो होतो. पुढं ड्रायव्हरशेजारी यजमान, मागं मी आणि माझ्या मांडीला टेकून नमुन्यांची पत्र्याची पेटी. श्रीरंगपट्टण ओलांडायच्या आतच मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा यजमान मान वळवून माझ्याकडे बघत होते.

"मादप्पा," ते ड्रायव्हरला म्हणाले, "मागं दोन नग आहेत. एक पेटी, एक हा. पेटी बरी. घोरत नाही."

यजमान म्हणजे मालक. म्हैसुरात कन्नडमध्ये मालकाला तसंच म्हणतात, आणि आमच्या अगरबत्तीच्या कारखान्यात सगळेच म्हणत, म्हणून मीही. मिरजेहून लग्न होऊन आलेली माझी बायको सुरुवातीला "यजमान बोलावतायत, जातो" हे वाक्य ऐकलं की माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची. तिच्या माहेरी बाईला यजमान एकच असतो आणि तो घरीच असतो. आमचे यजमान तसे मराठीच. त्यांचे कोणी पूर्वज राजाच्या घोडदळात होते म्हणतात. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम.

अंगानं किरकोळ, पायात रबरी चपला, पांढरा शर्ट आणि त्याच्या दोन्ही खिशांत एकेक काडेपेटी. एक दमट निघाली तर दुसरी हवी, म्हणून दोन. नाक मात्र असं की कारखान्याच्या फाटकातून आत येतानाच ते सांगायचे, आज कोळशाची पूड कालच्या पोत्यातली वापरली आहे. आणि ती तशीच असायची.

त्यांचं दुसरं मत असं की अगरबत्ती बनते तिथं हुंगून काही कळत नाही, जळते तिथं जाऊन हुंगली पाहिजे. म्हैसूरच्या हवेत छान जळणारी काडी बळ्ळारीच्या उन्हात भसाभस संपते आणि किनाऱ्याकडं गेली की मध्येच विझते. म्हणून दर महिन्याला दौरा. हुबळी, बळ्ळारी, कोल्हापूर, मदुरै. तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या घरी देवासमोर बसायचं, आपलीच काडी लावायची, ती संपेपर्यंत एक शब्द बोलायचं नाही. घरची माणसं दाराशी उभी राहून बघत. काडी संपली की राखेकडे बघून वहीत एखादी ओळ लिहायची आणि उठायचं. पुढच्या महिन्यात त्या गावचा मसाला चिमूटभर बदललेला असे. विक्री खात्यातल्या शिकलेल्या मुलांना हे हास्यास्पद वाटे. मलाही वाटे. पण गिऱ्हाईक तुटत नव्हतं, तेव्हा हसायचं कुणाला?

अगरबत्तीची ही परीक्षा त्यांनी मग सगळ्या जगाला लावली होती. कुठलीही वस्तू घ्यायची तर काडी लावून. गाडी घेताना काचा बंद करून आत काडी लावत आणि धूर कुठून बाहेर जातो ते बघत. घर भाड्यानं घेताना प्रत्येक खोलीत एक. लोखंडी कपाट घेताना आत काडी ठेवून दार लावत, आणि दुकानदार देवाचा धावा करी. माझी मुलाखतही तशीच झाली. प्रमाणपत्रं त्यांनी पाहिलीच नाहीत. टेबलावर काडी लावली आणि गप्प बसले. मी पाच मिनिटं गप्प बसलो, मग मला पेंग आली. "सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक, "घाई नाही तुला. ये उद्यापासून." माझ्या आयुष्यात झोपेनं मला दिलेलं एवढंच.

काडीनं जे कळत नाही ते मादप्पाला विचारायचं. मादप्पा सरगूरकडचा. एकतीस वर्षं यजमानांची गाडी चालवत होता. यंत्र, चाक, इंजिन अशी जी जी वस्तू घ्यायची ती आधी मादप्पानं बघायची. त्यानं मान हलवली तर घ्यायची, नाही हलवली तर विकणारा कितीही गोड बोलो, निघायचं. विकणाऱ्याचं पोट त्या वस्तूवर, आपल्या ड्रायव्हरचा जीव त्या वस्तूवर, मग खरं कोण सांगणार, असा त्यांचा साधा हिशेब. मादप्पा यजमानांशी त्याची स्वतःची मराठी बोले. गाडीत ऐकून ऐकून शिकलेली, त्यामुळं त्यात यजमानांच्या शिव्यासुद्धा होत्या, पण तो त्या आदरानं वापरी.

आणि गाडीत बोलणं म्हणजे काय! म्हैसूर सोडल्यापासून हुबळी येईपर्यंत यजमानांचं तोंड बंद नसे. कुठल्या गावात कुणी कुणाची जमीन लाटली, कुठली विहीर गोड, नारळ महाग का, लग्नात आता जेवण बेचव का. मादप्पा फक्त "हौदु, हौदु" म्हणे, म्हणजे हो, हो. मध्येच एखादा प्रश्न विचारून गाडी दुसऱ्या विषयावर नेई. मी एकदा विचारलं, "यजमान, इतकं बोलून घसा दुखत नाही?" तर म्हणाले, "पुढं बसणाऱ्याचं काम एकच. चालवणाऱ्याला जागं ठेवायचं. ते नाही करायचं तर मागं बस, सामान हो." माझ्याकडं बघूनच म्हणाले.

मग त्यांची कंबर गेली.

एकदम नाही. आधी गाडीतून उतरताना दार धरून उभं राहणं, मग उशी, मग पट्टा. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास बसून करायचा नाही. तासभर बसा, त्याच्या पुढं नाही. "झोपून गेलात तर माझी हरकत नाही," एवढी सूट त्यांनी दिली. यजमानांच्या धाकट्या मुलीनं, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो आणि जी आता निर्यातीचं सगळं बघते, ती सूट लगेच उचलली. ती म्हणाली, "अप्पा, मागच्या सीटवर गादी घालून देते. मस्त आडवे व्हा."

"मागं?" यजमान म्हणाले. "आणि आडवा? सामान तर सामान, वर गादी घालून? त्यापेक्षा ॲम्ब्युलन्स मागव, निदान लोक रस्ता तरी देतील."

दोन महिने दौरा बंद राहिला. विक्रीची मुलं फोनवर सांगत की सगळं ठीक आहे. यजमान ऑफिसात काड्या लावत आणि विझवत. "इथं हुंगून काय उपयोग?" असं दिवसातून चारदा म्हणत. मादप्पा गाडी सकाळी धुई आणि संध्याकाळी पुन्हा धुई. तिसऱ्या महिन्यात ताई वैतागून म्हणाली, "मग विमानच घ्या एक!" ती चिडून बोलली होती. यजमानांनी ते मनावर घेतलं.

पुढचं जवळजवळ वर्षभर आम्ही विमान बघत होतो. आता आमचा कारखाना काही लहान नाही आणि ताईनं परदेशात माल नेऊन चांगलं चालवलं होतं, तेव्हा जुनं, छोटंसं विमान अगदीच अशक्य नव्हतं. ताईनं हिशोबी माणसासारखा विचार केला होता. ती म्हणाली, घेता कशाला, महिन्यातून चार दिवस लागणार, भाड्यानं मागवू. भाड्याच्या कंपनीचा माणूस आलाही. यजमानांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "पुढं कोण बसतं?"

"सर, दोन पायलट."

"म्हणजे मी मागं."

"अर्थात सर. मागं एकदम आरामशीर."

"आय्तु," यजमान म्हणाले, म्हणजे झालं. त्या माणसाला कॉफी पाजून परत पाठवलं. कुठं चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिलं बघितलं ते जेट. बंगळूरच्या एका हँगरमध्ये, दर तासाला गाडी थांबवत जाऊन. आत चामड्याच्या खुर्च्या, त्यातल्या दोन उलट्या, मागं तोंड करून. विकणारा टाय लावून आलेला. तो म्हणाला, समोरासमोर बसून मीटिंग करता येते. यजमान उलट्या खुर्चीत बसून बघून आले. "आलेला रस्ता बघत कोण जातो रे? पुढचा कोण बघणार?" शिवाय आमच्या म्हैसूरच्या विमानतळाची, मंडकळ्ळीची, धावपट्टी आखूड. सगळीच जेट तिथं उतरत नाहीत, आणि हे उतरलं असतं तरी पुढं पुन्हा दोन पायलट. मादप्पानं चाकाजवळ वाकून बघितलं, टायरला हात लावला आणि मान न हलवता हात पुसला.

दुसरं बंगळूरच्याच जक्कूरच्या छोट्या हवाई तळावर, दोन पंखे, दोन इंजिनं. हे यजमानांना दिसायला आवडलं. आत शिरले, दार ओढून घेतलं आणि सवयीनं खिशातून काडेपेटी काढली. एक काडी ओढली गेली तोच चारी बाजूंनी माणसं धावली. कोणी दार उघडतंय, कोणी लाल बाटला घेऊन येतंय, एकानं तर यजमानांचा हातच धरला. पंखात पेट्रोल भरलेलं होतं. यजमान विझलेली काडी हातात धरून शांतपणे म्हणाले, "मग हे घेतलं तर आतली हवा कशी कळणार?" विकणारा घाम पुसत होता. त्या दिवशी दोन्ही काडेपेट्या गेटवर जमा करून यजमान हवाई तळावर फिरले. त्यांचे खिसे रिकामे असलेले मी पहिल्यांदाच बघितले, आणि यजमान मला उघडे वाटले.

तिकडं मादप्पानं इंजिनाखाली कालचं वर्तमानपत्र पसरलं होतं. जुनी गाडी घेताना तो हेच करी. कागद घालायचा, जेवून यायचं, मग बघायचं. आम्ही जेवून आलो तर मधल्या पानावर तेलाचा रुपयाएवढा डाग. विकणारा म्हणाला, विमानात एवढं चालतं. मादप्पा म्हणाला, "सार, खाली चालतं. वर चालत नाही." आणि आम्ही निघालो.

परत येताना मला मादप्पाचं वाईट वाटायला लागलं. मी आजवर विचारच केला नव्हता. हा माणूस वस्तू पारखत होता, पण ती वस्तू आली की याचं काय? विमान आल्यावर यजमानांना गाडी लागणार घरापासून मंडकळ्ळीपर्यंत, वीस मिनिटं. ताई एकदा माझ्याकडे बोललीही होती. मादप्पाचं आता वय झालं, विमान आलं की त्याला गेटवर खुर्ची देऊ, सावलीत बसेल. ती चांगल्या मनानं म्हणाली होती. मादप्पानंही ते ऐकलं असावं, कारण कारखान्यात भिंतींना कान असतात. मी त्याला एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, "मादप्पा, तू प्रत्येक विमानात खोट काढतोस ती खरी ना?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "सार, तेलाचा डाग मी लावला काय?"

मी ओशाळलो. पण माझ्या मनातला संशय गेला नाही हेही खरं. त्याच्या जागी मी असतो तर मी लावला असता.

तिसरं विमान कोइंबतूरला होतं. एका गिरणीवाल्यानं वापरलेलं, एकच इंजिन, एकच पायलट, त्याच्याशेजारची सीट रिकामी. ताईला एक इंजिन पसंत नव्हतं. बंद पडलं तर? "आपल्या गाडीला किती इंजिनं?" यजमानांनी विचारलं. ती म्हणाली, गाडी बंद पडली तर रस्त्यावर थांबते अप्पा. "सरी, विचारू मादप्पाला," यजमान म्हणाले. ते विमान म्हैसूरला आणून दाखवायला गिरणीवाला तयार होता, पण यजमान म्हणाले, वस्तू तिच्या घरी बघायची, पाहुणी आलेली बघायची नाही. डॉक्टरांना न सांगता आम्ही गाडीनं निघालो. चामराजनगर मागं पडलं, घाट सुरू झाला. सत्तावीस वळणांचा तो घाट. मादप्पा इतक्या हळू चालवत होता की लॉऱ्यासुद्धा आम्हाला ओलांडत होत्या. यजमान बोलत होते. बाराव्या की तेराव्या वळणावर त्यांचं बोलणं थांबलं. त्या शांततेनं मला जाग आली.

मादप्पानं गाडी कडेला घेतली. यजमानांना ना बसता येत होतं, ना उतरता. चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून आवाज नाही. मादप्पानं दार उघडलं, त्यांच्या बगलेत हात घातले आणि त्यांना अलगद बाहेर काढून रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आडवं केलं. आपला खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या डोक्याखाली दिला. वीस मिनिटं आम्ही तसेच थांबलो. माकडं गोळा झाली. यजमान आभाळाकडे बघत म्हणाले, "मादप्पा, हा घाट आपला शेवटचा बहुतेक." मादप्पानं त्यांच्या डोक्याखालचा टॉवेल सारखा केला.

कोइंबतूरला मादप्पानं इंजिनाखाली कागद पसरला. आम्ही जेवलो, तो जेवला नाही, तिथंच बसून राहिला. आम्ही आलो तेव्हा कागद कोरडा. त्यानं टायर बघितले, दारं उघडून लावून बघितली, पायलटला कन्नडमध्ये काय काय विचारलं, त्यानं तमिळमध्ये उत्तरं दिली, दोघांना कळलं. यजमान पुढच्या सीटवर बसून बघत होते. पायलटच्या शेजारी, समोर काच, काचेपलीकडं धावपट्टी. त्यांनी सीटला नाक लावलं, खिशांना हात लावला. खिसे रिकामे होते, काडेपेट्या गेटवर. मग खाली उतरून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"हेळप्पा मादप्पा, सांग. घ्यायचं का?"

मी मादप्पाकडे बघत होतो. एक शब्द, "बेडा" एवढाच, म्हणजे नको, आणि आम्ही परत निघालो असतो. पुन्हा वर्षभर विमानं बघत फिरलो असतो, त्याच्याच गाडीतून. मादप्पानं कागद उचलला, नीट चौघडी घालून काखेत ठेवला.

"चांगलं आहे यजमानरे," तो म्हणाला. "घ्या."

मला भरून आलं. हे लिहायला लाज कशाची? माझ्या संशयाची मात्र लाज वाटली.

"आयुष्यात पहिल्यांदा काडी न लावता काही घेतोय," यजमान गिरणीवाल्याला म्हणाले. "ह्याच्यावर घेतोय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मंडकळ्ळीला विमानाची पूजा झाली. तिथल्या माणसांनी कोहळा फोडू दिला नाही, तुकडे पंख्यात जातात म्हणे. तेव्हा कोहळा बाहेर गाडीसमोर फुटला आणि आरतीही आधी गाडीलाच झाली. "मोठ्याचा मान आधी," यजमान म्हणाले. विमानाच्या नाकाला कुंकू लागलं आणि चाकाखाली लिंबू. आमचा नवा पायलट केरळचा तरुण, फार सभ्य. लिंबू चिरडल्यावर त्यानं उतरून टायर तपासला.

हुबळीच्या पहिल्या फेरीत यजमान त्याच्या शेजारी बसले आणि विमान वर गेल्याबरोबर बोलायला लागले. पायलटनं कानावर मोठे कान चढवले होते. तो दोनदा "येस सर" म्हणाला. तिसऱ्यांदा अजिजीनं म्हणाला, "सर, थोडा वेळ शांत राहिलात तर बरं. मला खालचं बोलणं ऐकावं लागतं."

"मी गप्प बसलो तर तू झोपशील."

"मी झोपत नाही सर."

"मादप्पापण सुरुवातीला असंच म्हणायचा," यजमान म्हणाले, पण गप्प बसले. सव्वा तास एवढी गप्प बसलेली त्यांची पाठ मी कधी बघितली नव्हती. मागं मी पेटीशेजारी होतो. झोप लागली नाही, कारण त्यांच्या बोलण्याचा आवाजच नव्हता.

हुबळीला उतरलो तर बाहेर आमची गाडी. पुसून लख्ख, शेजारी मादप्पा. पहाटेच म्हैसूरहून निघाला होता. यजमानांनीच पाठवला होता. "टॅक्सीवाल्याला मी ओळखत नाही. त्याच्या शेजारी काय बसू?" आणि मग हेच चालू झालं. पहाटे गाडी जायची, दुपारी विमान जायचं, त्या गावात यजमान गाडीत पुढं बसून अर्धा तास फिरायचे, काडी लावायचे, विमानानं परत. गाडी मागाहून रिकामी परत. ताईनं कपाळावर हात मारला. "अप्पा, विमानही जातं आणि गाडीही जाते! मग विमान कशाला घेतलं?"

"कंबर जात नाही ना?" यजमान म्हणाले. "मत्ते?" म्हणजे, मग आणखी काय?

सगळं छान चाललं होतं. मादप्पाची गेटवरची खुर्ची टळली म्हणून मीही खूष होतो. फक्त एकदा मी पहाटे त्याला निघताना बघितलं. नमुन्यांची मोठी पेटी गाडीनंच जाऊ लागली होती. मादप्पानं ती पुढच्या सीटवर ठेवली होती आणि तिला पट्टा बांधला होता.

मग ती हुबळीची फेरी. यजमान विमानतळावरून गाडीत बसले, दार लावलं आणि नाक वर केलं.

"मादप्पा, कांदा कुठं आहे?"

"कांदा नाही यजमानरे."

"आहे. कच्चा. पातीसकट."

मादप्पानं गाडी धुतली होती, वाटेत पंपावर दोनदा. पण त्या नाकापुढं काय चालणार? त्यानं गाडी बाजूला घेतली, चावी फिरवली आणि समोर बघत सांगितलं. चित्रदुर्गाच्या अलीकडं, जेवण झाल्यावर, डोळा लागला. क्षणभरच. गाडी रस्ता सोडून कांद्याच्या शेतात. कुणाला काही झालं नाही. शेतातल्या माणसांनीच ढकलून वर काढली.

मग यजमानांनी विचारलं, "एकतीस वर्षांत कधी झोपला नाहीस. आता काय झालं?"

"एकतीस वर्षं तुम्ही बोलत होता," मादप्पा म्हणाला. "आता पेटी असते."

यजमानांनी त्या दिवशी दुकानदाराकडे काडी लावली, पण वहीत काही लिहिलं नाही. परत आल्यावर ताईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, आता पुरे, जीव जाईल त्याचा, तरुण ड्रायव्हर ठेवू. बरोबरच होतं तिचं. मी धीर करून म्हटलं, "यजमान, मी जातो मादप्पाबरोबर. मी पुढं बसेन."

"तू?" ते म्हणाले. "नंजनगूडच्या रस्त्याला लागलास की तुझी मान पडते. तुझ्यापेक्षा पेटी बरी."

पुढच्या महिन्यात हुबळीची फेरी ठरली. मी दुपारी मंडकळ्ळीला पोचलो. पायलट तयार, विमान तयार, यजमानांचा पत्ता नाही. अर्धा तास वाट बघून मी फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि त्यात मोठ्यानं कुणाशी तरी नारळाच्या भावावर चाललेलं भांडण.

"यजमान, कुठं आहात तुम्ही?"

"हिरियूर गेलं मागं. तू ये विमानानं. संध्याकाळी मी परत विमानानंच येणार, म्हणून ते घेऊन ये. आणि ऐक, पुढं बस. झोपू नकोस, त्या पोराला कोण आहे?" मग फोन बंद.

मी पायलटशेजारी बसलो. बोललो नाही, झोपलोही नाही. खाली शेतं दिसत होती, तळी दिसत होती, आणि मधून एक बारीक रस्ता उत्तरेला जात होता. मला त्या दोघांचा हेवा वाटत होता.

हुबळीला मी विमानतळाबाहेर दोन तास उभा होतो. चारच्या सुमाराला गाडी आली. पुढच्या सीटवर पेटी, पट्टा बांधलेली. मादप्पाचे डोळे टक्क उघडे, चेहऱ्यावर मावत नाही असं हसू. मी मागचं दार उघडलं. आत गादी, गादीवर पांढरा शर्ट घातलेले यजमान उताणे, पाय उशीवर, दोन्ही काडेपेट्या छातीवर. बोलून बोलून घसा पार बसला होता. त्यांनी मान न उचलता माझ्याकडे बघितलं.

"सामान आलंय," ते म्हणाले. "सांभाळून उतरवून घे."